आमच्यामागे याचं कसं होणार?

सेवाग्राम आश्रमात येणारी बहुतेक माणसं आदी निवास, बा-कुटी आणि बापूकुटी पाहून परततात. त्याच आवारात परचुरे कुटी आहे. तिथे थोडं थांबावं.

परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते. गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगापासूनची. शास्त्रीजींना कुष्ठरोग होता, आणि तो काळ असा की कुष्ठरोग झालेल्या माणसाला सख्खं घरही दार उघडत नसे. १९३९ साली ते आश्रमात येऊन पोहोचले. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या राहत्या जागेपासून हाकेच्या अंतरावर वेगळी कुटी उभी करून घेतली. जखमा धुणं, अंगाला मालिश करणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. शास्त्रीजींच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर होतं, आजूबाजूला आश्रमाचं चालतं-बोलतं जग होतं, आणि जे स्वतःला जमत नव्हतं त्यासाठी ठरलेल्या वेळी येणारा माणूस होता.

आज दिव्यांगांच्या निवासाबद्दल जगभर जे बोललं जातं, त्याचा गाभा या एका कुटीत सापडतो. आपलं घर, वस्तीच्या मधोमध, आणि लागेल तेवढीच मदत. या व्यवस्थेला हल्ली सहाय्यित निवास म्हणतात. मदतीची गरज फारच थोडी असेल आणि माणूस आपला आपण राहत असेल, तर ते स्वतंत्र निवास. दोन्हींच्या मध्ये पक्की भिंत नाही. अपघातात पाय गेलेला तरुण पहिली दोन वर्षं मदतीवर राहतो आणि पुढे एकट्यानं संसार चालवतो. उलट, जन्मभर एकटीनं राहिलेल्या अंध बाईला साठीनंतर सोबत लागते.

सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला या विषयाचा जुना आणि थोडा अवघड वारसा आहे. सेवाग्रामच्या कुटीआधी तीन वर्षं, १९३६ साली, विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं होतं. तोवर या देशात कुष्ठरुग्णांचं काम बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातात होतं. दिवाणांचं काम वेगळं उठून दिसलं ते त्यामुळे. परचुरे शास्त्रीही पुढे दत्तपूरलाच गेले आणि १९४५ साली त्यांचा शेवट तिथेच झाला. त्या वेळचा कायदा काय सांगत होता, तेही लक्षात घेतलं पाहिजे. १८९८चा कुष्ठरुग्ण कायदा निराधार कुष्ठरुग्णाला पोलिसांनी धरून आश्रयस्थानात ठेवावं, अशी मुभा देत होता. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं.

याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटात जन्मलेल्या मुरलीधर देविदास आमटे यांनी, म्हणजे बाबा आमटे यांनी, १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. ते जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. पण विचारानं ते वर्ध्याचंच भावंड आहे. १९५१ साली त्याचं उद्घाटन विनोबांनी केलं. तिथे शेती आली, विहिरी आल्या, शाळा आल्या, पुढे अंध आणि मूकबधिर मुलांचं शिक्षण आलं, आणि महत्त्वाचं म्हणजे लग्नं झाली, संसार थाटले गेले. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं त्यांनी स्वतःचं गाव वसवलं. स्वतः बाबा मणक्याच्या आजारामुळे कित्येक वर्षं बसू शकत नव्हते. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच त्यांना शक्य होतं. १९८५च्या भारत जोडो यात्रेचा प्रवास त्यांनी असाच केला. शरीराला जे जमत नाही त्याच्यासाठी जागा आणि वाहन बदलता येतं, हे ज्यानं रोज जगून दाखवलं त्यानं ते गाव उभं केलं होतं.

या वसाहतींचं ऋण मोठं आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: त्या वेगळ्या उभ्या राहिल्या, कारण गावानं जागा दिली नाही. हा नाइलाज होता. पुढे औषधांनी चित्र बदललं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधोपचाराची पद्धत देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत राबवली गेली त्यांत वर्धा होतं. उपचार सुरू झाले की रोगाचा संसर्ग थांबतो, वेळेत सुरू झाले तर विकृतीही टळते. तरीही बरे झालेल्यांतल्या अनेकांना घर परत मिळालं नाही. हात-पाय बधिर राहिले, बोटं झडली, आणि नातेवाइकांच्या मनातली भीती औषधानं गेली नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ साली काढलं गेलं. तोवर कुष्ठरोगाच्या कारणावरून संसारही कायद्यानं मोडू शकत होता.

आज प्रश्न कुष्ठरोगापुरता उरलेला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे: अंधत्व, कर्णबधिरत्व, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, स्नायूंचा ऱ्हास, सिकलसेल, आणि कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही. जिल्ह्यातलं आर्वी असो की समुद्रपूर, दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांशी बोलायला बसलं की शिक्षण, औषधं, प्रमाणपत्र यांवरून बोलणं फिरत फिरत एकाच वाक्यावर येतं: "आमच्यामागे याचं कसं होणार?" त्यांना दोनच वाटा दिसतात. भावाच्या घरातली मागची खोली, नाहीतर लांबच्या शहरातली संस्था. खोलीत जीव गुदमरतो आणि संस्थेत नाव पुसलं जातं, हे त्यांना मनातून ठाऊक असतं. तिसरी वाट आहे, आणि ती कायद्यानंच आखून दिलेली आहे. दुर्दैवानं ती फार थोड्यांना माहीत आहे.

कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये. घरी येऊन मिळणारी मदत, निवासाच्या सोयी, वैयक्तिक मदतनीस हे सारं उपलब्ध व्हावं यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. हे कलम आलं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या एकोणिसाव्या अनुच्छेदावरून. भारतानं तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. मानसिक आजारातून सावरलेल्या माणसांसाठी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही असाच हक्क आहे: घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. १८९८ ते २०१७ हा प्रवास मोठा आहे. मात्र कायद्यातला हक्क पायरी चढून घरात येत नाही. त्यासाठी आधी पायरीचाच विचार करावा लागतो.

वर्ध्याची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी घरात शिरू नये म्हणून जोतं दीड-दोन फूट उचलण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आता चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर प्रमाण एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फुटांचा उतार लागतो. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. ते चौकोनी बांधलं तर एक बाजू साधारण साडेसोळा फुटांची होते. उतार घरापेक्षा लांब! म्हणून तो भिंतीला लागून वळवावा लागतो, वळणावर पाच फुटांची सपाट जागा सोडावी लागते, आणि खाली मुरमाची चांगली भर घालावी लागते. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात काळ्या मातीबरोबर उतारही तडकतो आणि खुर्चीचं पुढचं चाक फटीत अडकतं. गावोगावी समाजमंदिराला किंवा शाळेला जो घसरगुंडीसारखा उभा उतार असतो, तो बांधणाऱ्यानं चाकाच्या खुर्चीवर बसून एकदा वर जाऊन पाहावं. तो कागदावरची अट पुरी करतो, आणि माणसाला पाठीवर पाडतो.

दरवाजा तीन फुटांचा हवा. उंबरठा नसावा, किंवा जमिनीला सपाट असावा. संडासात खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा, बसायला उंच भांडं आणि भिंतीत पक्का बसवलेला आडवा दांडा हवा. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा सगळ्यात आधी संडासावर खर्च करावा. जी बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण कोणीतरी उचलून न्यायला संध्याकाळ होते, तिला घर आहे असं म्हणता येत नाही. दृष्टी अधू असलेल्यांना भिंत आणि दार वेगवेगळ्या ठसठशीत रंगांत असलं तरी फरक पडतो. ऐकू न येणाऱ्याच्या घरी दारावरच्या बटणानं दिवा लागावा. बधिर हातांच्या माणसाला भांड्यांना जाड लाकडी मुठी हव्यात, कारण चटका लागल्याचं त्याला कळतच नाही. पायाला संवेदना नसलेल्यांच्या घरात उंदीर शिरू नयेत म्हणून फटी बुजवाव्या लागतात. झोपेत उंदरानं पाय कुरतडला तरी जाग येत नाही. कुष्ठरुग्णांमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत आहे. घर बांधून देणाऱ्या योजनांच्या आराखड्यात ती सहसा नसते.

पैशांचं म्हणाल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या सदतिसाव्या कलमानं घरकुलांच्या आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण ठेवलं आहे, त्यातही महिलांना प्राधान्य. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, शिवाय शौचालयासाठी १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा महाराष्ट्राचा नियम आहे. हा निधी अनेक ठिकाणी माणशी थोडे थोडे रुपये वाटून संपवला जातो. त्याऐवजी दरवर्षी गावातल्या दोन घरांचे संडास आणि उतार नीट करून दिले, तर दहा वर्षांत वीस घरं राहण्याजोगी होतील. वाटलेले पैसे महिन्याभरात संपतात. बांधलेला दांडा वीस वर्षं हाताशी असतो.

भिंतींचं काम त्या मानानं सोपं आहे. अवघड असतो मदतीचा हात.

अमेरिकेत बर्कले इथे १९७२ साली स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं. एड रॉबर्ट्स त्याच्या उभारणीतलं मोठं नाव. पोलिओमुळे त्यांना मानेखाली जवळजवळ काही हलवता येत नव्हतं. त्या केंद्राची मांडणी साधी होती: स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं करणं नव्हे. आंघोळ कोणी घालायची, केव्हा घालायची, जेवणात काय हवं, हे ठरवणं आपल्याकडे असलं की माणूस स्वतंत्र. मदतनीस हा नातेवाईक किंवा उपकारकर्ता नाही, तो पगारी माणूस आहे, आणि त्याला कामावर ठेवणं-काढणं मदत घेणाऱ्याच्या हातात आहे.

आपल्याकडे हा पगार कोण देणार? आज तो आई देते, आपल्या आयुष्यातून. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ साली दीड हजारावरून अडीच हजार झालं. वाढ स्वागतार्ह आहे. हिशेब मात्र पाहा: दिवसाला त्र्याऐंशी रुपये. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे जवळजवळ चार दिवसांच्या अनुदानात मदतनिसाचा एक दिवस. केरळ 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम लहान आहे, पण त्यामागची कबुली मोठी आहे: घरातल्या बाईचं हे काम म्हणजे काम आहे. केंद्राच्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रानं २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला.  त्या विभागानं आता या भत्त्याकडे लक्ष द्यावं. गावात महिला बचत गट आहेत, त्यांतल्या बायकांना नीट प्रशिक्षण देऊन ठरावीक तासांचं हे काम देता येईल. एका गावात पाच-सहा घरांना दिवसाचे दोन तास मिळाले, तरी पाच-सहा आया शेतावर किंवा दवाखान्यात निर्धास्त जाऊ शकतील.

काहींना मात्र चोवीस तास सोबत लागते, आणि एकेका घरात ती शक्य नसते. त्यांच्यासाठी चार-पाच जणांचं सामायिक घर हा चांगला मार्ग आहे. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेनं मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या माणसांसाठी 'होम अगेन' हा उपक्रम चालवला आहे. साध्या मोहल्ल्यात घर भाड्यानं घ्यायचं, चार-पाच जणांनी मिळून राहायचं, सोबत एक मदतनीस. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांकडे जाणं-येणं सगळं त्यांचं त्यांनी करायचं. महाराष्ट्रात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या लोकांसाठी हे काम झालं. पुण्याजवळ मुळशीच्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक दिव्यांग प्रौढ गृहमातांबरोबर लहान लहान घरांत राहतात. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेनं १९८४पासून चाकाच्या खुर्चीला सोयीचं वसतिगृह आणि त्याला जोडून रोजगार उभा केला. विदर्भात मनोरुग्णालय नागपूरला आहे, वर्ध्याहून दीड-दोन तासांवर. तिथून बऱ्या झालेल्या आणि घरानं न स्वीकारलेल्या माणसांसाठी वर्ध्यात किंवा हिंगणघाटात असं भाड्याचं घर चालवणं अशक्य नाही. घरमालक तयार करणं हेच त्यातलं खरं कष्टाचं काम.

बेवारस दिव्यांग मुलांचा प्रश्न याहून कठीण. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर, बस स्थानकांवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. बालगृहाचा नियम अठराव्या वर्षापर्यंतचा. त्यापुढे ही मुलं जाणार कुठे, म्हणून त्यांना कायमचं राहू देणारा कायदा करा, अशी मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी वाढवलेली एक अंध मुलगी त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. दोन्ही बातम्या एकत्र वाचाव्यात. काहींना जन्मभर आसरा लागतो, काहींना फक्त अठरा ते पंचवीस एवढ्या वर्षांचा पूल लागतो. एकच वसतिगृह दोघांनाही पुरेल असं मानणं हा व्यवस्थेतला मोठा दोष आहे.

ज्या आई-वडिलांना स्वतःच्या मागची चिंता आहे, त्यांच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात बरंच काही आहे. तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे. त्याच्या 'समर्थ' आणि 'घरौंदा' या निवास योजनांतून प्रौढांसाठी सामूहिक घर आणि काही काळापुरता निवास चालवायला संस्थांना मदत मिळते, आणि 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा. या कायद्यानुसार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात एक दिव्यांग व्यक्ती आणि नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळतं. पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. घर मुलाच्या नावावर करून ते पुतण्याच्या भरवशावर सोडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

पालकत्व घेताना एक काळजी घ्यावी. मुलाला काय आवडतं, कोणाजवळ राहायला आवडतं, कशाची भीती वाटते, हे त्याला विचारून किंवा त्याच्या खुणा ओळखून आई-वडिलांनी हयातीतच लिहून ठेवावं. दिव्यांग हक्क कायदाही पालकानं त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, तिच्यासोबत मिळून निर्णय घ्यावा असंच सांगतो. बोलता न येणाऱ्या मुलालाही आवडनिवड असते, आणि ती आईइतकी कोणाला ठाऊक नसते.

वर्धा जिल्ह्यात ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे त्यांना माझी विनंती आहे. सत्तरी येण्याची वाट पाहू नका. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र आजच काढून ठेवा. मूल राष्ट्रीय न्यासाच्या चार गटांतलं असेल तर ते अठरा वर्षांचं होताच जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब मागा, आणि तो संडास-उतारासाठी मागा. वर्षातून दोन-तीनदा मुलाला चार दिवस दुसऱ्या घरी राहण्याची सवय लावा. मावशीकडे, शेजारी, कुठेही. ज्या घरात तो पुढे राहणार आहे तिथली माणसं तुमच्या डोळ्यांदेखत त्याच्या ओळखीची झाली पाहिजेत. आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही, पण एखादी रिकामी खोली भाड्यानं द्यायची आहे, त्यांनी काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन कोणी विचारायला आलं, तर खोली गेली असं सांगू नये.